तालमीत जवळिकीचा प्रवेश खोटा वाटतोय. कुठे चुकतंय?

पडद्यामागची

नमस्कार. हौशी राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीसाठी दोन अंकी नाटक बसवतेय. सहा आठवडे हातात आहेत. गाडी अडलीय ती दुसऱ्या अंकातल्या साडेचार मिनिटांच्या एका प्रवेशात.

प्रसंग असा. नवरा-बायको, लग्नाला सतरा वर्षं झालेली. नात्यातल्या एका लग्नाहून रात्री साडेबाराला घरी येतात. ती पाठमोरी होऊन म्हणते, “पिन काढून दे ना, हात पोचत नाहीये.” तो खांद्यावरची पिन काढायला लागतो. पिन अर्धी निघालेली असताना ती विचारते, “मी आवडेनाशी झालेय का तुला?” तो उत्तर देत नाही. पिन काढतो आणि कपाळ तिच्या खांद्यावर टेकवतो. अंधार.

दोघंही चांगले नट आहेत, पण प्रवेश उभा राहत नाही. त्याचा हात लाकडासारखा पडतो. तिला पहिल्या वाक्यालाच रडू येतं, खरंखुरं येतं, तरी बघणाऱ्याला काही होत नाही. दोघांची लग्नं झालेली आहेत (एकमेकांशी नव्हे), त्यामुळे अवघडलेपण आहेच. संस्थेतल्या काहींचं म्हणणं, सगळ्यांनी गोल बसून आपापल्या नात्यातली एक खरी, दुखरी गोष्ट सांगावी, म्हणजे मोकळेपणा येईल. करावं का?

आणखी एक. लेखक आमच्यातलाच आहे, आणि तो प्रश्न त्याच्या घरात खरोखर विचारला गेलेला आहे. त्याच्या बायकोला हे नाटकात आलंय याची कल्पना नाही.

तिसरी घंटा

आधी हाताचं बघू, कारण ते लवकर सुधारतं.

“सहज कर” असं सांगितलं की नट आणखी आखडतो. हात नेमका कुठे ठेवायचा हे ठरलेलं नसलं की तो फक्त बोटांची टोकं टेकवतो, तळहात उचललेला राहतो आणि कोपर शरीराला चिकटतं. मागच्या रांगेतूनही कळतं की हा माणूस परक्या बाईला हात लावतोय. सतरा वर्षं संसार केलेला माणूस खांद्यावर पूर्ण तळहात टेकवतो आणि स्वतःच्या हाताकडे बघतही नाही.

पहिल्या दोन तालमी स्पर्शाशिवाय घ्या. ती पुढे, तो हातभर मागे. संवाद म्हणायचे आणि कृतीच्या जागी त्याने तोंडाने सांगायचं: “पदर धरला. पिन शोधतोय. पिन उघडली.” कोणता स्पर्श कोणत्या शब्दावर येतो हे तिला कळतं, आणि शरीर दचकायचं थांबतं.

तिसऱ्या तालमीआधी दोघांना घेऊन बसा. सोबत तिच्या पसंतीची संस्थेतली एक बाई असू द्या. कुठे हात लागलेला चालेल हे प्रत्येकाने स्वतःच्या हाताने स्वतःच्या अंगावर दाखवायचं. तुम्ही “खांद्यावर चालेल ना?” असं विचारू नका, अशा प्रश्नाला “हो” म्हणावंच लागतं. “कुठे चालेल, कुठे नको?” असं विचारा. ठरेल ते प्रॉम्प्टरच्या वहीत तारीख घालून लिहा. ठरलेलं कुणीही, कुठल्याही दिवशी, कारण न देता कमी करू शकतं. वाढवायचं असेल तर मात्र पुन्हा दोघांचा होकार लागतो. थांबवण्यासाठी एक शब्द ठरवा. “थांब” घेऊ नका, तो संवादात असण्याची शक्यता फार. “ब्रेक” बरा.

मग कृती बसवायची. डाव्या तळहाताने खांद्यावरच्या निऱ्या धरायच्या, तळहात पूर्ण टेकलेला. उजव्या हाताने पिनेचं डोकं शोधायचं, दोन मोजेपर्यंत. पिन उघडायची. इथे तिचा प्रश्न येतो: हात थांबतात, पण सुटत नाहीत. मग पिन बाहेर. मग कपाळ, आणि त्यानंतर मनात चार मोजेपर्यंत अंधार करायचा नाही.

तुमचा सगळा प्रवेश त्या न सुटलेल्या हातात आहे. प्रश्न ऐकून त्याने हात काढला तर प्रेक्षकाला उत्तर मिळालं, प्रवेश तिथेच संपला. हात तसाच राहिला तर सगळं सभागृह त्या हाताकडे बघत बसेल.

आधी अर्ध्या वेगाने तीनदा, मग नेहमीच्या वेगात शब्दांशिवाय, मग दोन्ही एकत्र. पूर्ण प्रवेश एका तालमीत चारपेक्षा जास्त वेळा घेऊ नका. पाचव्या वेळी स्पर्श कवायत होतो, आणि दोघं थकून चुका करतात.

अनुभाव

गोल बसून दुखरी गोष्ट सांगायचा व्यायाम करू नका, ही कळकळीची विनंती. मोकळेपणाच्या नावाखाली तिथे जबरदस्ती होते. पहिल्या दोघांनी मनापासून सांगितलं की तिसऱ्याला गप्प बसता येत नाही. तो काहीतरी वाढवून सांगतो किंवा सांगायला नको ते सांगून बसतो. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर तोच विषय. पुढे एखाद्या तापलेल्या तालमीत दिग्दर्शक म्हणतो, “त्या दिवशी सांगितलंस ना, तेच आठव.” त्या क्षणी विश्वास संपला. अडीच तासांचा कार्यक्रम असतो, पण गट त्यातून वर्षभर सावरत नाही.

आता तिच्या रडण्याबद्दल. ती बहुधा स्वतःची एखादी आठवण उकरून प्रवेशात शिरतेय. भावनिक स्मृतीची ही कल्पना रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्कींनी रिबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाकडून घेतली, आणि पुढे अमेरिकेत अभिनयशिक्षक ली स्ट्रासबर्गने तिला आपल्या शिकवणीचा कणा केलं. पण तिथलीच अभिनेत्री स्टेला अ‍ॅडलर १९३४ मध्ये पॅरिसला स्तानिस्लाव्हस्कींना भेटून परतली ती वेगळं सांगत: भर कल्पनाशक्तीवर आणि नाटकातल्या परिस्थितीवर हवा. स्वतः स्तानिस्लाव्हस्कीही अखेरच्या वर्षांत शारीरिक कृतींच्या पद्धतीकडे वळले होते. आठवणीचा व्यवहारातला तोटा असा की ती तिची एकटीची असते. ती मनाने दुसऱ्याच खोलीत, दुसऱ्याच माणसासमोर रडत असते. तिचे कान बंद होतात. मागे उभा असलेला नट तिच्या लेखी तिथे नसतोच, आणि प्रेक्षकाला हे जाणवतं.

नाट्यशास्त्रात भरताने सत्त्व, म्हणजे आतून उमटणाऱ्या भावाचं मूळ, मनातून उपजतं असं म्हटलंय, आणि तेही एकाग्र मनातून. अश्रू, स्वरभंग, कंप हे आठ सात्त्विक भावांतले. ते ओढून आणायला गेलं की येत नाहीत. मन कशावर तरी नीट लागलेलं असलं की आपोआप येतात. म्हणून तिला काम द्या. अर्ध्या प्रवेशापर्यंत तिचं सगळं लक्ष बारीकसारीक गोष्टींवर हवं: पाय दुखतायत, केसातला गजरा सुकलाय, पिन ओढली तर साडीला भोक पडेल. “सावकाश, नवी साडी आहे” असं एखादं वाक्य लेखकाकडून मागून घ्या. प्रश्न तिच्या तोंडून निसटायला हवा. पहिल्या वाक्यापासून डोळे भरलेली बाई तो ठरवून विचारते, आणि तिथेच खोटं वाटतं.

तिला आठवण वापरायचीच असेल तर तो तिचा प्रश्न, कुणालाही सांगायची गरज नाही. फक्त ताजी जखम नको. जी गोष्ट बोलताना आजही गळा दाटतो तिच्यावर रोज संध्याकाळी सात वाजता काम करता येत नाही.

मुक्तछंद

दोन्ही प्रतिसाद पटले, तरी एक शंका राहते. चार मोजा, दोन मोजा, तळहात इथे, कोपर तिथे, असं केल्यावर नटांमध्ये जिवंत काय उरतं? जवळीक बसवता येत नाही असं मला प्रामाणिकपणे वाटतं. दोघांना परिस्थिती द्या, वीस मिनिटं उत्स्फूर्त करू द्या, त्यातून जे खरं निघेल ते ठेवा.

तिसरी घंटा

उत्स्फूर्त कामाला माझा विरोध नाही, पण ते शब्दांचं करा. त्या लग्नात कोण भेटलं, गाडीत काय बोलणं झालं, बाजूला कोण बसलं होतं, या सगळ्याचे वीस-वीस मिनिटांचे दोन-तीन प्रयोग घ्या. प्रवेशाच्या आधीची संध्याकाळ दोघांच्या अंगात भिनते. स्पर्श मात्र उत्स्फूर्त ठेवू नका. हात कुठे जाईल हे माहीत नसलं की समोरची बाई अभिनय सोडून सावध होते. तिचा अर्धा जीव स्वतःला सांभाळण्यात जातो, मग प्रश्नासाठी काय उरणार?

मारामारीचा प्रवेश आपण मोजूनच बसवतो आणि तिथे कुणाला जिवंतपणाची चिंता वाटत नाही. जवळिकीलाही तीच शिस्त हवी हा विचार आता जगभर रुळतोय. अमेरिकेत २०१६ मध्ये फक्त जवळिकीचे प्रवेश बसवणाऱ्या दिग्दर्शकांची संघटना उभी राहिली, आणि २०१८ मध्ये एचबीओ या वाहिनीने मालिकेच्या चित्रीकरणावर अशी व्यक्ती नेमली.

मोकळं काय ठेवायचं हेही ठरवा. श्वास मोकळा. तिची नजर मोकळी. प्रश्नानंतरचा त्याचा पॉज मोकळा, पण तीन ते सात सेकंदांच्या आत. त्यापुढे गेलं की प्रेक्षकाला वाटतं नट वाक्य विसरला. ठेका पक्का असला की गवई निर्धास्तपणे समेवर येतो, तसंच हे.

दौत

लेखकाबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून लिहितेय. मला तो भाग सर्वांत नाजूक वाटतो.

अनुभव त्याचा आहे, त्यावर लिहायचा हक्क त्याला आहे. पण ते वाक्य तिचं आहे. तिने ते स्वयंपाकघरात किंवा अंधारात, एका माणसासाठी उच्चारलं होतं. सातशे माणसांत बसून दुसऱ्या बाईच्या तोंडून ते ऐकायची वेळ तिच्यावर येऊ नये.

त्याने तिला सांगायला हवं, आणि संहिता प्रयोगाला परवानगी देणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाकडे जाण्याआधी सांगायला हवं. प्रमाणपत्र मिळतं ते पाठवलेल्या संहितेला, त्यामुळे नंतर बदल करणं जिकिरीचं होतं. फोनवर पीडीएफ पाठवून “वाच आणि सांग” असं करू नये. समोर बसून आख्खा प्रवेश वाचून दाखवावा. नुसतं वाक्य सांगितलं तर ते तिला आरोपासारखं ऐकू येईल. वाचून झाल्यावर “कसं वाटलं?” असं विचारू नये, कारण मग तिला समीक्षक व्हावं लागतं. “हे राहू दे की काढू?” एवढं विचारावं आणि उत्तरासाठी आठवडा द्यावा. त्या आठवड्यात विषय पुन्हा काढू नये.

ती नको म्हणाली तर नावं-गावं बदलून भागणार नाही. नातेवाईक नावावरून ओळखत नाहीत, ते प्रसंगावरून आणि बोलण्याच्या लकबीवरून ओळखतात. वाक्यच बदलावं लागेल, आणि त्याच्या भोवतीची वेळ-जागाही. भावना ठेवता येते. “आपण शेवटचं कधी भांडलो रे?” हा प्रश्नही तितकाच खोल जातो, आणि तो कुणाच्या घरातून उचललेला नाही.

आता थोडं कठोर बोलते. हा प्रवेश प्रामाणिक आहे का? बायकोने इतकं उघडं होऊन विचारलंय, आणि लेखकाने नवऱ्याला गप्प ठेवून, कपाळ टेकवून, अंधार करून सोडवलंय. प्रेक्षक त्या मौनावर भाळेल. पण खऱ्या घरात तो तेव्हा काय म्हणाला होता? “आता या वेळेला काय गं हे” असं काही म्हणाला असेल, मोबाइल चार्जिंगला लावायला गेला असेल. तेच लिहिलं असतं तर? स्वतःबद्दल लिहिताना आपलं मौन उदात्त करण्याचा मोह सगळ्या लिहिणाऱ्यांना होतो. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात नवऱ्याचा, ना. वा. टिळकांचा, तापटपणा लिहिला, पण स्वतःचे हट्ट आणि फजित्याही तितक्याच मोकळेपणाने लिहिल्या, त्यामुळे कुणाची बदनामी केली असं वाचताना कधी वाटत नाही. जोडीदाराचं एक गुपित उघडं करायचं असेल तर आधी स्वतःची एक लाजिरवाणी गोष्ट त्याच पानावर यायला हवी. त्याच्या बायकोलाही ऐकताना बहुधा हेच जाणवेल.

पडद्यामागची

मनापासून आभार. दौत यांचा प्रतिसाद लेखकाला वाचायला दिला. तो बराच वेळ गप्प होता, मग “रविवारी घरी वाचून दाखवतो” म्हणाला. गोल बसण्याचा बेत रद्द केलाय.

दोन प्रश्न अजून आहेत. नटांनी आपापल्या घरी हे कसं सांगायचं? आणि नाट्यगृहात हा प्रवेश हळू आवाजात पोचेल का? प्रकाशयोजनाकार निळा अंधार मागतोय.

रंगपट

घरचं सांगतो.

स्पर्शाची तालीम सुरू होण्याआधी सांगावं, नंतर नव्हे. आणि तपशिलात सांगावं: काय होतं, किती वेळ, खोलीत आणखी कोण असतं. “काही नाही गं, नाटकच आहे” हे वाक्य टाळावं. त्यातून लपवल्याचा वास येतो. “मला काहीच वाटत नाही” असंही म्हणू नये. नीट काम होत असेल तर त्या साडेचार मिनिटांत काहीतरी वाटतंच, आणि ते जोडीदाराला प्रयोगात दिसणारच आहे. “त्या वेळी वाटतं, ते त्या पात्रासाठी असतं, आणि बाहेर आल्यावर ओसरतं” असं सांगावं, अर्थात ते खरं असेल तर. ओसरत नसेल, रात्री उशिरा तालमीशी संबंध नसलेले मेसेज सुरू झाले असतील, तर ते दिग्दर्शकाच्या कानावर आधी घालावं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मन मोकळं करून काम करताना असं होतं. प्रेमाचा प्रवेश दिवसाआड घ्या, आणि फक्त त्या दोघांच्याच वेगळ्या तालमी ठेवू नका, एवढ्यानेही बराच फरक पडतो.

जोडीदारांना पहिल्यांदा थेट स्पर्धेच्या दिवशी भरल्या नाट्यगृहात हे बघायला लावू नका. रन-थ्रूला, म्हणजे अख्ख्या नाटकाच्या सलग तालमीला बोलवा. हालचाली बसवण्याच्या दिवशीही नको, तेव्हा एकच स्पर्श पंधरा वेळा दिसतो.

तालीम संपल्यावर पाच मिनिटं बाहेर पडण्यासाठी ठेवा. तिने ड्रेसवर गुंडाळलेली साडी सोडायची, पिन डबीत टाकायची. दोघांनी एकमेकांना खऱ्या नावाने हाक मारून अगदी साधं काही विचारायचं: उद्या किती वाजता, डबा आणणार का. त्यानंतरच सूचना द्या. सूचनांची भाषाही सांभाळा. भावनेबद्दल बोलताना पात्राचं नाव घ्या, तंत्राबद्दल बोलताना नटाचं. “तू त्याच्यापासून तुटलीस” आणि “वसुधा त्याच्यापासून तुटली” यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

तिसरी घंटा

निळा अंधार नको. अंधार केला की जवळीक वाढते हा समज आहे. प्रेक्षकाला चेहरे दिसले नाहीत तर तो प्रवेशाबाहेर फेकला जातो. घरातल्या एका दिव्याचा उबदार उजेड बाजूने घ्या आणि समोरून थोडा भरा.

उभं राहणं असं: पदर डाव्या खांद्यावर, म्हणून तिला प्रेक्षकांसमोरून तिच्या उजवीकडे साधारण ४५ अंश वळवा. डावा खांदा प्रेक्षकांकडे येतो, पिन आणि त्याचे हात दिसतात, आणि मागे उभ्या असलेल्या त्याचा चेहराही मोकळा राहतो. सरळ समोर उभी केली तर तिचं डोकं त्याला झाकेल.

कुजबुज करू देऊ नका. कुजबुजीत आवाज नसतो, नुसती हवा असते, आणि पंख्यांच्या घरघरीत ती पाचव्या रांगेतच विरते. खालच्या स्वरात, पण पूर्ण आवाजात बोलायचं. मराठी वाक्याचा शेवट नट गिळतात. तुमच्या वाक्यात “तुला” हाच शब्द गिळला जाईल आणि सगळा अर्थ त्यातच आहे. तिला वाक्याआधी श्वास घ्यायला लावा आणि कुणाला तरी शेवटच्या रांगेत बसवून तो एकच शब्द ऐकू येतो का ते बघा. हातात काचेच्या बांगड्या असतील तर प्रश्नाच्या वेळी हात स्थिर हवा, नाहीतर किणकिणाटात पहिला शब्द जाईल.

पडद्यामागची

आज तळहात टेकवून केलं. पहिल्यांदाच खोलीत शांतता पसरली. आता खरी पिन वापरायची की खोटी? तालमीत खरी दोनदा त्याच्या बोटाला टोचली.

दौत

खरीच वापरा, पण मोठी घ्या. बारीक पिन त्याच्या बोटांना सापडत नाही आणि तो तिथे गोंधळतो. टोक कानशीने किंचित बोथट करा आणि त्या जागी पदराला आधीच छोटं भोक करून ठेवा, म्हणजे ती अडकणार नाही. निऱ्या चारपेक्षा जास्त नकोत, नाहीतर सगळे थर पिनेत येत नाहीत. पिन फक्त पदरातून जाऊ द्या, ब्लाउजमधून नको. ब्लाउजमध्ये अडकली तर त्याला ओढावी लागते आणि सगळा नाजूकपणा जातो. पदर सुटून पडू नये म्हणून आत, जरा पुढच्या बाजूला, न दिसणारी दुसरी पिन लावून ठेवा.

आणि काढलेली पिन कुठे जाते ते ठरवलंय का? त्याच्या हातात राहिली तर कपाळ टेकवताना तिला लागेल. त्याने ती मागून तिच्या तळहातावर ठेवावी. ती सवयीने, न बघता, मंगळसूत्रात अडकवेल.

पडद्यामागची

हे उद्याच करून बघते. साडी आणि पिनांचा डबा दोन्ही तालमीच्या पिशवीत टाकलेत.